सात नंबर गप्प

दादाच्या हाताखाली बिघाड टिकत नाही, असं बोगद्याच्या कामावर सगळेच म्हणायचे. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा. रेडिओदुरुस्तीच्या टपरीत तारांना सोल्डरचे डाग देता देता दादाने त्याला वाढवलं, अक्षरं शिकवली, वेळप्रसंगी कानही पिळले. टपरी बसली तेव्हा दोघे बोगद्यावर कामाला लागले. धाकटा आत खोदाईला, दादा तोंडाशी पत्र्याच्या खोलीत, कॉम्प्युटरपाशी.

बोगद्याच्या छताला चौदा सेन्सर लावले होते. छत किती खाली सरकलं ते प्रत्येक सेन्सर मिनिटामिनिटाला बिनतारी कळवायचा, आणि तो आकडा पॅकेटात बांधून दादाच्या पडद्यावर यायचा. एक मिलिमीटर म्हणजे दहा. दीडशे झाले की भोंगा आपोआप वाजणार.

त्या सकाळी सात नंबर गप्प झाला. शेवटचा आकडा एकशे पंचवीस. मधूनच एखादं पॅकेट यायचं, पुन्हा तेच एकशे पंचवीस, की परत शुकशुकाट.

"बॅटरी गेली असेल," साहेब म्हणाले. "एवढ्यासाठी काम थांबवू नका हं."

सात नंबरच्या खालीच धाकट्याची टोळी होती. दादाने आतला फोन फिरवला. "शिडी लाव आणि सातची बॅटरी बदल रे."

बदलली. काही नाही. मग अँटेना फिरवून झाली, बंद करून चालू करून झालं. दर वेळी धाकटा शिडी उतरायचा, चाळीस पावलांवरच्या फोनपाशी यायचा. "आता दिसतंय का, दादा?"

"नाही रे. परत चढ."

इकडे दादाने केबल बदलली, रिसीव्हर बदलला. दुपार टळली तरी डबा उघडला नव्हता. दादाला स्वतःचाच राग यायला लागला.

"आत पाणी गेलं असेल," तो शेवटी फोनवर म्हणाला. "झाकण काढून कोरडं पूस. आणि ऐक, झाकण उघडं ठेवू नकोस. चारही स्क्रू घट्ट बसव."

"बरं."

फोन ठेवला आणि दादाला आठवलं. महिन्यापूर्वी मोडक्या पॅकेटांमुळे भोंगा तीनदा उगाच वाजला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली होती. त्या संध्याकाळी दादाने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: मोडकं पॅकेट दिसलं की फेकून द्यायचं, बोभाटा नको.

त्याने ती ओळ काढली. पडद्यावर आकड्यांचा पूर आला. सात नंबर गप्प नव्हताच. सकाळपासून दर मिनिटाला बोलत होता, आणि प्रत्येक पॅकेट एकाच जागी मोडत होतं.

पॅकेट सुरू झालं हे कळण्यासाठी आधी एक खुणेचा अंक जातो. तो होता एकशे सव्वीस. मोजणीतच तो आकडा आला तर कॉम्प्युटरला वाटतं नवं पॅकेट सुरू झालं, आणि आधीचं अर्धवट राहतं. असं होऊ नये म्हणून काय करायचं हे दादाला चांगलं ठाऊक होतं. उद्या करू, उद्या करू म्हणत राहून गेलं होतं.

म्हणजे छत एकशे सव्वीसवर होतं. आणि तो आपल्याच भावाला दिवसभर त्याच्याखाली चढवत होता.

तेवढ्यात पडद्यावर सातचा चौकोन हिरवा झाला. १३१. अखंड, स्वच्छ पॅकेट.

"बघा, झाला की बरा!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

दादाची नजर पडद्यावरच होती. १३४. पॅकेट मोडत नव्हतं, कारण छत आता एकशे सव्वीसवर थांबलं नव्हतं, खाली येत होतं. त्याने साहेबांना बाजूला ढकललं आणि भोंग्याचं बटण हाताने दाबून धरलं. दुसऱ्या हाताने फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली, उचललं कोणीच नाही.

माणसं धावत बाहेर येऊ लागली. दारात उभा राहून दादा मोजत होता. नऊ, दहा, अकरा. टोळी बारा जणांची. मागे पडद्यावर १४२. १५८. दिवसभर ज्याने पॅकेट नीट यावं म्हणून जिवाचं रान केलं, तो आता म्हणत होता, नको रे येऊ, मोड एकदाचं.

सात नंबर गप्प झाला. मग बोगद्यातून दणका आला आणि तोंडातून धुळीचा लोट बाहेर पडला.

दादा आत धावला. दोघांनी धरलं, तो हिसडे देत राहिला. "माझा पोरगा आहे आत!" तो ओरडत होता. भाऊ म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

धुळीतून खोकत, भिंत चाचपडत धाकटा आला. दादाने त्याच्या थोबाडीत मारली, आणि मग त्याला असं कवटाळलं की सोडवेना.

"भोंगा ऐकू आला नाही का तुला?"

"आला ना." धाकट्याने मूठ उघडली. तळहातावर एक स्क्रू होता. "तीन बसवले होते. तूच म्हणालास ना, झाकण उघडं ठेवू नकोस."