रानाचे युरो

जिजी पैसे किती ते कधी सांगायच्या नाहीत, कुठले ते सांगायच्या. दुधाचं पैसं, भाड्याचं पैसं, रानाचं पैसं. दुधाच्या पैशातून किराणा यायचा, भाड्याच्या पैशातून लाइटबिल आणि पाण्याचा टँकर. एकातले दुसऱ्यात जाऊ द्यायच्या नाहीत. आयटीतल्या नोकरीसाठी परभणीहून आले तेव्हापासून मी हिंजवडीजवळच्या जांबे गावात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. सुरुवातीला एकदा मी पाचशेचे सुटे मागितले. जिजींचा हात दुधाच्या पैशाच्या डब्याकडे गेला आणि माघारी आला. "हे म्हशीचं हाय, बाय. तू भाडेकरू. तुला भाड्यातलं देते."

रानाचं पैसं मात्र बँकेत होतं. हिंजवडी वाढत वाढत गावाच्या वेशीपर्यंत आली, तेव्हा जिजींनी ओढ्याकडचा रानाचा तुकडा विकला होता. मुलगा आणि सून अपघातात गेलेले. घरात जिजी आणि नात ऋतुजा, दोघीच. भावकीत असल्याच पैशातून मोठाल्या गाड्या आल्या, बंगले उठले. जिजींच्या दारात तीच म्हैस. "रानाचं पैसं रानासारखं धरायचं. पीक खायाचं, रान न्हाई," असं म्हणून त्या फक्त व्याज काढायच्या.

मुदलाला हात लावला तो ऋतुजासाठी. तिला जर्मनीत शिकायला प्रवेश मिळाला. पण व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच युरोत भरून दाखवायचा होता. जिजींचे धाकटे दीर हे ऐकून तडक घरी आले. "वयनी, रानाच्या पैशावर पोर परमुलखात धाडता व्हय? माघारी आली न्हाई तर?"

जिजी भाकरी थापत होत्या. "मग आता रान तरी माघारी येनार हाय का, भावजी?" एवढंच बोलल्या आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

बँकेत मी सोबत गेले. साहेबांनी स्क्रीन वळवून दाखवली. एका बाजूला दहा लाखांवर रुपये, दुसऱ्या बाजूला अकरा हजारांच्या आसपास युरो. जिजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "येवढंच?" आवाज अगदी बारीक झाला होता. तिथला एक म्हणजे इथले नव्वद, काही कमी झालेलं नाही, असं मी समजावलं. "लगीन झालं की पोरीचं आडनाव बदलतं, तसं म्हन की," म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. युरो सध्या महाग आहे, आठवडाभर थांबलं तर उतरेल कदाचित, असं मी सुचवून पाहिलं.

"पेरनीला बाजारभाव बघत न्हाईत गं. मातीतली वल, वाफसा बघत्यात." आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली.

पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. जिजींना कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर चालू असायचा. तिचे दोन विषय गेले होते. बोलता बोलता ती रडायलाच लागली. "जिजी, तुझं रान बुडवलं गं मी."

जिजींनी फोन तोंडाजवळ धरला. "रान मी इकलं, तू न्हाई. पैशाचं युरो झालं, तुजं काय बी झालं न्हाई. तू माजी रुतूच हायेस. यायाचं तर उद्या ये. कोन काय म्हनतंय ते मी बघते."

फोन ठेवला आणि त्या गोठ्यात गेल्या. मी चहा घेऊन गेले, तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या. "यावी असं बी वाटतंय," म्हणाल्या, "आन येऊ नये असं बी."

ऋतुजा आली नाही. राहिलेले विषय सुटले, शिक्षण पुरं झालं, तिकडेच नोकरी लागली. सुट्टीला यायची तेव्हा जिजी आधी तिची मनगटं चाचपायच्या आणि मगच बोलायला लागायच्या.

गेल्या उन्हाळ्यात जिजी झोपेतच गेल्या. ऋतुजा पोचली ती दुसऱ्या दिवशी. शेवटचं दर्शन काही तिला मिळालं नाही. दहावं आटोपल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. जिजींचे ते धाकटे दीर, ऋतुजाचे आजोबा, शेजारी येऊन टेकले. म्हणाले, "लई धीराची बाई. तवा तुला माघारी येऊ दिलं न्हाई बघ."

ऋतुजानं मान हलवली. "नाही आजोबा. ती 'ये' म्हणाली होती, म्हणून तर राहू शकले. 'राहा' म्हणाली असती ना, तर मी त्याच आठवड्यात परत आले असते."

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.