सुपरचार्जर उतरवलेली गाडी

धुळ्यात आग्रा रोडला माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर भाव सांगून सांगून मी आता थकलोय. गाडी पळवायची हौस असलेली मंडळी येतात आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरतात. "भाऊ, इथे तर सुपरचार्जरचं किट निम्म्यात मिळतंय." मिळत असेल. त्या खोक्यात पट्टा नसतो, ब्रॅकेट नसतं, मोठे इंजेक्टर नसतात, वरून परदेशी माल म्हणून कस्टम भरावं लागतं ते वेगळंच. हे सगळं माझ्याकडून समजून घ्यायचं, माझाच चहा प्यायचा आणि "बघतो" म्हणून निघून जायचं.

कुरकुर न करता किट घेणारं गिऱ्हाईक मला एकच मिळालं, शिरपूरचे नाना. कापसाचा धंदा मुलावर सोपवून या गृहस्थांनी साठीत आपल्या जुन्या पेट्रोल गाडीवर सुपरचार्जर चढवला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत जादा हवा कोंबणारा हा पंप. ॲक्सिलरेटर दाबला की बारीक शिटी वाजायची आणि गाडी उसळी घ्यायची. ताकद वाढली म्हणून क्लचही जड बसवावा लागला. नाना महामार्गाने उगीचच धुळ्याला यायचे, दुकानापुढे बॉनेट उघडून उभे राहायचे, आणि मीही हातातलं काम टाकून बघत बसायचो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र गाडी मुलगा चालवत होता. "डावा गुडघा काम करस नही आते," नाना म्हणाले. "क्लच दाबा का जीव जास." घरचे विकून टाका म्हणत होते. नानांना गाडी सोडायची नव्हती.

मला वाटलं, यात काय अवघड आहे! "नाना, किट उतरवू, मूळचा हलका क्लच बसवू. गाडी तुमचीच राहील आणि चालवालही तुम्हीच." त्यांनी बॉनेट उघडून एकदा आत पाहिलं. मग म्हणाले, "काढी टाक."

वापरलेलं किट विकणं म्हणजे नुसती डोकेदुखी. नवं घेताना जे भाग वेगळे विकत घ्यावे लागतात, तेच जुनं विकताना फुकट सोबत द्यावे लागतात. नाशिकच्या एकाने घासाघीस करून माझा पिट्टा पाडला आणि अखेर ते नेलं. मेकॅनिकने क्लच बदलला. मी स्वतः दाबून पाहिला, अगदी हलका. नानांची गाडी वाचवली म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

नाना एकटेच सोनगीरपर्यंत जाऊन आले. गुडघा दुखला नव्हता, उतरताना दाराचा आधारही लागला नाही. आत येऊन त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली.

"चांगली चालस," ते म्हणाले. "आते इकी टाक."

"अहो नाना, विकायची कशाला? आता तर तुम्हाला चालवता येतेय!"

"येस ना. पन हाई त कोनीबी चालाडी."

मला आधी रागच आला आणि मग फार वाईट वाटलं, कारण ते किट परत आणणं आता माझ्या हातात नव्हतं. विकली जाईपर्यंत तरी गाडी घेऊन जा, असं मी त्यांना विनवलं.

"नही," नाना म्हणाले. "माले बस स्टँडवर सोड."