आमच्या वरातीतलं फ्रेंच गाणं

आमच्या वरातीत बँडवाल्यानं वाजवलेलं हिंदी प्रेमगीत मुळात फ्रेंच आहे, असं धरमपेठेत फ्रेंच शिकणारी नात म्हणाली.

"नक्कल त्यांनीच केली असंल," मी ठणकावलं.

तिनं मोबाइलवर फ्रेंच गाणं लावलं, मग तेच जपानीत, अरबीत. मी सगळ्यांले नापास केलं, स्वतः हिंदीत गाऊन दाखवलं आणि बायकोले विचारलं, "सांग वं, कोणाचं बेस?"

"फ्रेंचवाल्याचं. तो विनवून राहिला. तुम्ही तर पाणी मागितल्यासारखं गाता."

त्यानंतर मी गुणगुणणंच सोडलं. एका सकाळी मात्र चहा मागताना आवाज जरा मऊ केला.

"अवो, फ्रेंच होऊन राहिले का?" बायको हसली, पण चहात न मागता आलं घातलं.

नक्कल त्यांनीच केली, हे मी आजही सांगतो. फक्त हळू आवाजात.