मरीच्या कामासाठी

आमच्या खानदेशात मरी म्हणजे कॉलरा, आणि मरी म्हणजे तो रोग घेऊन येणारी देवीसुद्धा. जन्म नंदुरबारातला असल्यामुळे हे मला ठाऊक होतं. पण चार इंग्रजी पुस्तकं वाचलेला माणूस दोन अर्थांतला आपल्याला पटेल तोच खरा धरून चालतो. मीही तसाच चाललो, म्हणजे सायकलवर.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी कचेरीत कारकून होतो. त्या उन्हाळ्यात मरीचे रोगी दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली निजवलेले असायचे, आणि सावली सरकली की नातेवाईक बाज सरकवायचे. पाऊस तोंडावर आला होता. निदान पत्र्याचं एक छप्पर उभं करावं म्हणून आम्ही वर्गणी गोळा करायला लागलो, तर गावातल्या शेठ लोकांना एकदम कानानं कमी ऐकू यायला लागलं. मी चिडलो. म्हटलं, ठीक आहे, खेड्यांकडे जाऊ. धानोऱ्याकडची गावं करायची, परत फिरून प्रकाशा गावाशी तापी ओलांडायची, मग शहादा, तळोदा. एवढी वाट सायकलनं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही.

सोबतीला आला माझा मित्र. मुसलमान मोहल्ल्यात त्याचं सायकली भाड्यानं द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हसरा, पण सायकलीच्या बाबतीत कसायासारखा. त्यानं मला रोज पहाटे स्टेशनापलीकडच्या चढावर पिटाळलं. मांड्या अशा भरून यायच्या की कचेरीत खुर्चीवरून उठताना मी टेबलाला धरायचो आणि साहेब विचारायचे, काय हो, म्हातारे झालात का? मित्रानं दोन सायकलींच्या साखळ्या रॉकेलात बुडवून काढल्या, चाकांचे आरे ताणले, पंक्चरचं सामान चामडी पिशवीत भरलं, माझ्या हँडलला पुढं टोपली बांधली. वर्गणीसाठी तुपाच्या डब्याला वर चीर पाडली. रंग दुकानात लालच उरला होता, तो फासला. अक्षरं मी काढली. ‘मरी निवारण फंड’ लिहायचं होतं. पण पहिला शब्द मी ऐटीत एवढा मोठा काढला की बाकीचे दोन खाली कोपऱ्यात मुंग्यांसारखे बसले.

निघण्याच्या दिवशी मोहल्ल्यातल्या आणि आमच्या आळीतल्या बायका जमल्या. कोणी हँडलला कुंकू लावलं, कोणी हिरवा खण बांधला, कोणी लाल निशाण. चाकाखाली लिंबू ठेवलं. माझी आई मात्र मागं उभी होती. तिचं लक्ष सायकलीकडे नव्हतंच.

“तिना घर जाशीन ना?” तिनं विचारलं. “पोऱ्याले देखी ये.”

ती म्हणजे माझी धाकटी बहीण. शहाद्याच्या अलीकडे, रस्त्यावरच्या एका गावात दिलेली. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं आमच्याकडे झाली आणि दोन्ही मुलं गेली. सासरच्यांनी तिच्या पायगुणावर बोट ठेवलं, आणि तिच्यामागं आमच्या सगळ्या घराच्या. तिसऱ्या खेपेला सासूनं तिला माहेरी पाठवलंच नाही. मुलगा झाला, जगला, आणि तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या माहेरपणालाही तिला धाडलं नाही. आखाजीला आमच्याकडे ज्या घरची लेक येत नाही त्या घरात गाणं होत नाही. आमच्या निंबाला त्या वर्षी झोका बांधला नव्हता. बहिणीनं निरोप धाडला होता की भाऊ इकडून जाणार आहे असं ऐकलं, तर एक रात्र राहून जा. मला त्या फंडाइतकीच त्या एका रात्रीची ओढ होती. खरं सांगायचं तर फंडापेक्षा जास्त.

धानोऱ्याकडच्या पहिल्याच खेड्यात मी पारावर उभा राहिलो आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत भाषण ठोकलं. म्हटलं, “आम्ही मरीच्या कामासाठी गावोगाव निघालो आहोत.” माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका म्हाताऱ्यानं डब्यावरचं मोठं अक्षर पुढच्यांना वाचून दाखवलं. मग सगळ्यांनी हात जोडले. मला वाटलं, काय माझं वक्तृत्व!

वर्गणी पडली, भराभर पडली. कशासाठी, किती, कोणी विचारलं नाही. बाया सुपं घेऊन आल्या, आपापल्या पोरांवरून काहीतरी ओवाळलं आणि सायकलीच्या टोपलीत टाकलं. पानावर दहीभात दिला. डफ वाजवत सगळं गाव आम्हांला शिवेपर्यंत पोचवायला आलं. असा मान मला पुढं लग्नातही मिळाला नाही. फक्त एकच गोष्ट मनाला लागली. शिवेवर पोचताच डफ मध्येच थांबला, आणि माणसं पाठ फिरवून चालायला लागली. मी हात हलवत राहिलो. एकानंही वळून पाहिलं नाही.

पुढच्या गावी आम्ही पोचायच्या आधीच लोक रस्त्यावर उभे होते. तिथंही तेच. ओवाळणं, दहीभात, डफ. पाणी मागितलं तर ओंजळीत उंचावरून ओतलं. ऊन चढलं होतं, म्हटलं जरा पडवीत टेकतो, तर चार गडी लगबगीनं पुढं झाले. “थांबू नका, चाला, शिवलगून सोडतस.” बोलणं नम्र होतं, पण हात सायकलीच्या मागच्या कॅरियरवर होते आणि ते ढकलत होते.

मित्रानं टोपली उपसली. आत लिंबं, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. “रोग्यास्ना छप्परले बांगड्या कसाले?” तो म्हणाला. “तुन्हं लगीन तं नई ना लावी ऱ्हायनात?” आम्ही हसलो. दहीभात दोघांनी वाटून घेतला, म्हणजे त्यानंच जास्त खाल्ला. मला दही सोसत नाही. रात्री कोणत्याही गावात आम्हांला जागा मिळाली नाही. शिवेवरच्या आंब्याखाली पडलो. दूर गावातून कुत्री भुंकत होती आणि माणसं जागी होती, आम्ही हललो का ते बघायला. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी उंटावरचा शहाणा.

कळलं ते प्रकाशाला, तापीच्या काठी. नाव माणसांनी भरलेली होती. आमच्या सायकली दिसल्या आणि नाव रिकामी झाली. बायांनी पोरं उचलली आणि वाळूत दूर जाऊन उभ्या राहिल्या. नावाडी एकटा आम्हांला घेऊन निघाला. आमच्याकडे न बघता तो वल्हं मारत होता.

“आम्ही काय केलं रे?” मी विचारलं.

“तुम्ही काय करशात, भाऊ. हाऊ गाडा शे. पहिले लाकूडना ऱ्हाये, आते लोखंडना उना.”

मरीआईचा गाडा मी लहानपणी पाहिला होता. रोग आला की गाव एक लाकडी गाडा करतं, त्यात देवीला बसवतं, खण, बांगड्या, लिंबू, दहीभात ठेवतं आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतं. ते गाव तसाच तो पुढं ढकलतं. गाडा जिथं थांबेल तिथं मरी थांबते. लाल डबा, हिरवा खण, निशाण, कुंकू, आणि वर माझं भाषण, मरीच्या कामासाठी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

“माघारी फिरतो आम्ही,” मी म्हणालो.

नावाड्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “माघारी? गाडा माघारी फिरना तं मागना गावं जित्ता सोडतीन का तुम्हले?”

पलीकडे उतरून मी निशाण फाडलं, खण सोडला, बांगड्या वाळूत फेकल्या. काही उपयोग नव्हता. मागं नावाडी फळीवर पाणी ओतून नाव धूत होता, आणि आमच्या पुढं बातमी कधीच गेली होती. मी सायकलवर टांग मारली तेव्हा मित्र अजून खालीच बसलेला होता, दोन्ही हात पोटावर.

“भाऊ,” तो म्हणाला, “आते माले काय बरं वाटत नई.”

तो वाचला, हे आताच सांगून टाकतो. शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मरी नव्हे, उन्हात आंबलेल्या दहीभातानं घात केला. छप्परही पुढं झालं, त्याच वर्गणीतून. पण त्या दुपारी हे कोणाला ठाऊक होतं? तो दोनदा रस्त्याच्या कडेला बसला, ओकला, आणि पुन्हा पॅडल मारू लागला. त्याचे ओठ पांढरे झाले होते. मी लिंबाखालचे रोगी पाहिले होते. सुरुवात अशीच होते. इतके दिवस ज्या लोकांना मी मनात अडाणी म्हणत होतो त्यांचीच भीती आता माझ्यात शिरली होती, आणि ती देवीची नव्हती. माझी पाचावर धारण बसली. सावली, पाणी, बाज हे सगळं पुढं एकाच घरात होतं, आणि त्या घरात दोन-अडीच महिन्यांचं मूल होतं.

मित्रानंच विषय काढला. “तुन्ही बहीनना घर मी येत नई,” तो म्हणाला. “तू जाय, मी बाहेर थांबस.” मी त्याच्यावर उगाच खेकसलो, की गप्प बस आणि सायकल चालव.

दिवस कलला तेव्हा आम्ही तिच्या गावाच्या शिवेवर आलो. लोक उभे होतेच. डफ वाजायला लागला आणि आम्हांला मध्ये घेऊन गाव चालू लागलं. आडवाट नव्हती, रस्ता तिच्याच दारावरून जात होता.

ती ओट्यावर उभी होती, मूल खांद्याशी. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. दीड वर्षानं बघत होतो तिला. ती दोन पायऱ्या उतरली. तिच्यामागं सासू होती. सासूनं मला ओळखलं, हे मला स्पष्ट दिसलं. तिनं पदर तोंडावर धरला.

पाटलानं डफ थांबवला. कोणीतरी त्याच्या कानात काही सांगितलं असावं. तो माझ्यासमोर आला. “ह्या गावमा तुन्हं कोनी शे का? कोना पाव्हना शे तू?”

मी हो म्हटलं असतं तर पाव्हण्याला कोणी हाकललं नसतं. मित्राला बाज मिळाली असती. आणि नंतर त्या गावात एखादं माणूस जरी गेलं असतं, तरी मरी कोणाच्या दारी उतरली, कोणाच्या भावाबरोबर आली, हे जन्मभर तिच्या डोक्यावर बसलं असतं. आणि ते मूल, मित्राला खरंच मरी असली तर?

“कोनाच नई,” मी म्हणालो.

बहीण तिथंच थांबली. मला वाटलं ती हाक मारील. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मित्राच्या पांढऱ्या ओठांकडे, मग हातातल्या मुलाकडे. सासूनं मूल आपल्याकडे घेतलं आणि तिच्या हातात सूप दिलं. इतर बायका ओवाळून परतल्या होत्या. तिनं मुलावरून तांदूळ आणि लिंबू उतरवलं, रस्त्यावर आली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जाय माय, पुढे जाय. मन्हा लेकरूले सांभाळ.”

मग टोपलीत सूप रिकामं करायला ती वाकली. तिचं डोकं माझ्या हाताजवळ आलं. पुटपुटल्यासारखं तिनं विचारलं, “जेवना का, भाऊ?”

गाड्याला कोणी जेवलास का असं विचारत नाही, आणि गाडा उत्तर देत नाही. मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. ती तशीच वाकून थांबली होती, सूप रिकामं झालं तरी. शेवटी ओट्यावरून सासूनंच हाक मारली, “चाल वं घरमा, पोऱ्या रडी ऱ्हायना.”