दुसऱ्या साक्षीची वाट

आमच्या रोह्यात कुंडलिकेच्या काठी नासिरभाईंचे घर आहे. आखातातील नोकरी संपवून ते परतले, तेव्हा ईदच्या चंद्राच्या साक्षी तपासण्याचे काम मशिदीच्या जमातीने त्यांच्याकडे सोपविले. एका रमजानच्या अखेरीस, ढगांच्या फटीतून, चंद्रकोर त्यांना स्वतःलाच दिसली. शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही दिसली नाही. ईदच्या चंद्राला दोन साक्षी लागतात. आपली एकट्याची साक्ष त्यांनी ग्राह्य धरली नाही. जमातीने आणखी एक रोजा धरला.

त्यांची कन्या हफ्सा हिच्याविषयी लिहावयाचे, तर प्रारंभ येथूनच केला पाहिजे.

हफ्सा पुण्याच्या एका संस्थेत अवकाश दुर्बिणीची निरीक्षणे तपासते. फार दूरवर एखादा प्रचंड तारा कोसळतो, तेव्हा गॅमा किरणांचा अल्पकाळ टिकणारा लोट उसळतो. पृथ्वीचे वातावरण ते किरण अडवते. म्हणून ते अवकाशातूनच टिपावे लागतात. किती किरण आले, लोट किती वेळ टिकला, हे मोजून हफ्साने कळवायचे असते.

गेल्या वर्षी नासिरभाई अंथरुणाला खिळले आणि हफ्सा घरी राहून काम करू लागली. एके सकाळी आलेखात उंच सुळका दिसला. ती वडिलांच्या खाटेशी धावली. "अब्बा, सापडला! माझा पहिला!"

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकास नासिरभाई ते सांगू लागले. मलाही म्हणाले, "गुरुजी, गणितात हिचे कान पिळत व्हतात ना? आता बघा, मरता तारा पकडलाय पोरीनं!"

दुपारी, मी तेथेच असताना, फेरतपासणीत खोट निघाली. दुर्बिणीतील शोधकाचे चार खण आहेत. खरा लोट चारही खणांत उमटतो. भटका कण बहुधा एकाच खणात. हफ्साचा सुळका एकाच खणात होता.

तिची आई जुबेदाबी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता नको सांगूस गो. त्या आनंदावर दोन घास जातायत त्यांना."

हफ्साने चारही खणांचे आलेख पुन्हा एकदा पडताळले. मग ती आत गेली.

"अब्बा, तो लोट नव्हता. एकाच खणाला दिसला."

"बाकीच्या तिघांना?"

"नाय."

नासिरभाईंचा चेहरा उतरला. "मी सगळ्यांना सांगून बसलो गो." त्यांनी उशीवरून मान उचलली. म्हणाले, "मग साक्ष झाली नाय. ज्याला ज्याला सांगितलं, त्याला बोलवा. मीच सांगतो."

लोक येत गेले. दम लागत असतानाही त्यांनी प्रत्येकास स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्याच आठवड्यात ते गेले.

पावसाळा सरल्यावर एका सायंकाळी हफ्सा पुण्याहून आली. "आम्मा, लोट सापडला."

जुबेदाबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारले, "चारी खणांत?"

"व्हय."

"दुसऱ्या कुणाला दिसला?"

"दुसऱ्या देशाच्या उपग्रहालाही. मोजमाप जुळलं."

जुबेदाबींनी सूप बाजूला ठेवले आणि डोक्यावरून पदर घेतला. "चल मग. भिंतीबाहेरूनच सांगू त्यांना."

जमातीच्या रिवाजाप्रमाणे बायका कबरस्तानात जात नाहीत; दोघी भिंतीशी उभ्या राहिल्या. आधी त्यांच्यासाठी फातिहाची प्रार्थना पढली; मग हफ्साने सांगितले.