वन्सं आणि टॉप स्पीड

कारखान्यातले सगळे तिला वन्सं म्हणायचे आणि त्यावर ती कधी हसून ओ द्यायची नाही. ज्या बाईमुळे हे नाव तिला चिकटलं, त्या बाईचं तोंडही पाहायची तिची इच्छा नव्हती.

विजेवर भन्नाट पळणाऱ्या गाड्या तिथे तयार व्हायच्या. त्यांना पळवणाऱ्या विजेच्या मोटारींची चाचणी घेण्याची खोली तिच्या ताब्यात होती. गाडीत चढण्याआधी प्रत्येक मोटार त्या खोलीत लोखंडी बैठकीवर आवळायची, जाड काचेआडून पूर्ण वेगाने फिरवायची आणि ती ताकद किती देते, तापते किती ते बघायचं. मोटार फार तापली की आतल्या चुंबकांचा जोर जातो तो कायमचाच, गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळत नाही. म्हणून ठरावीक तापमानाला वीज तोडायची मर्यादा गाडीच्या प्रोग्राममध्ये तीच घालायची. कामात चोख, जिभेने तिखट. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाबरोबर राहायची. भावाचा संसार मोडल्यापासून तो संध्याकाळभर सोफ्यावर लोळत टीव्ही बघायचा आणि ती त्याला ताट हातात आणून द्यायची.

एके सकाळी साहेबांनी नवी टेस्ट ड्रायव्हर आणून खोलीच्या दारात उभी केली. भावाची सोडून गेलेली बायको!

"काय वन्सं, बऱ्या आहात ना?" ती सगळ्यांदेखत म्हणाली.

खोलीत खसखस पिकली. दुपारपर्यंत कॅन्टीनवालाही "वन्सं, चहा?" म्हणायला लागला.

दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. निरोप इलेक्ट्रिशियनमार्फत जायचे. तो भांडणाला भिणारा माणूस, त्यामुळे निम्मा निरोप वाटेतच गिळायचा. ट्रॅकवर गाडी टॉप स्पीडला पोचली की मध्येच तिचं बळ जायचं. ड्रायव्हरने सांगून पाठवलं, "वीज अशी एकदम तोडू नका म्हणावं, हळूहळू उतरवा." इलेक्ट्रिशियनने येऊन चाचरत सांगितलं, "त्यांना ती मर्यादा जाचते म्हणतात."

"जाचणारच! आजवर कुठली मर्यादा पाळलीय तिने?" वन्सं कडाडल्या, आणि आकडा होता तिथेच ठेवला.

असं बरेच दिवस चाललं. ड्रायव्हर जाऊन साहेबांना सांगायची, खोलीतले आकडे खोटे आहेत. वन्सं म्हणायच्या, बाई ट्रॅकच्या सरळ भागावर जायच्या आधीच उगाच झटके मारून मोटार भाजून ठेवते. शेवटी साहेब वैतागले.

"दोघी एका गाडीत बसा आणि काय ते समक्ष बघा!"

वन्सं गाडीत बसल्या त्या दाराला चिकटून.

"पट्टा नीट लावा. नाहीतर तुमच्या भावाला वाटायचं, मीच ढकललं."

"त्याचा विषय काढू नकोस."

ड्रायव्हरने पाय दाबला. गिअर नाही, इंजिनाची डरकाळी नाही. नुसती पाठ सीटमध्ये रुतली. मोटारीची बारीक शीळ चढत गेली आणि मग वाऱ्याच्या आवाजात बुडाली. इतकी वर्षं काचेतून मोटारी बघणाऱ्या वन्संनी हा वेग अंगावर कधी घेतलाच नव्हता. आकडा टॉप स्पीडला टेकला, आणि खटकन वीज तुटली. गाडी अदृश्य चिखलात घुसावी तशी ओढली गेली, वन्सं पट्ट्यावर आदळल्या. मागून चाचणीचीच दुसरी गाडी भरधाव येत होती. तिचा भोंगा कानठळ्या बसवत जवळ आला. ड्रायव्हरने स्टिअरिंग वळवलं. मागची गाडी बोटभर अंतरावरून निघून गेली.

कडेला थांबून ड्रायव्हर उतरली, वळसा घालून आली आणि तिने वन्संचं दार उघडलं.

"उतरा! आता कळलं? घसा फोडून सांगतेय, वीज तोडू नका, उतरवत आणा!"

"मला सांगितलं गेलं, तुला मर्यादा जाचते."

"आणि तुम्ही ते लगेच खरं मानलंत!"

"मानलं."

"मी स्वतः येऊन सांगितलं असतं, तर ऐकलं असतं?"

"नाही."

"म्हणून तर गेले मी तुमच्या घरातून. त्याला काही विचारलं की उत्तर तुमच्याकडून यायचं!"

"आणि तू मोटार आधीच भाजतेस, त्याचं काय?"

"गिऱ्हाईक तेच करणार! असली गाडी काय तो भाजी आणायला घेतो?"

वन्सं पुन्हा गाडीत न बसता चालत परत गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रोग्राम बदलला. मोटार तापू लागली की ताकद जरा आधीपासूनच हळूहळू कमी व्हायची. टॉप स्पीड किंचित घटला, पण गाडी तो शेवटपर्यंत धरून राहू लागली. साहेब खूश झाले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही.

घरी भावाने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "तिच्या गाडीत होतीस म्हणे. माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही," असं म्हणून त्यांनी पुढ्यात ताट आदळलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, "एक तर ती राहील, नाहीतर मी." साहेबांनी हिशेब केला. ड्रायव्हर दुसरा मिळतो. नोकरी गेली तशी जाताना ती चाचणीच्या खोलीच्या दारात आली. "येते हं, वन्सं."

"येऊ नकोस."

नवा ड्रायव्हर पोक्त, गोड बोलणारा. काहीही विचारा, "छान आहे मॅडम, काही अडचण नाही." वन्संना सुरुवातीला फार बरं वाटलं. मग एक मोटार धावता धावता जाम झाली. गाडी गरगरत कठड्याला जाऊन थडकली. तो कसाबसा वाचला. मोटार खोलली तर बेअरिंगचा चुरा झालेला.

"घरघर येत असेल ना आधीपासून? ऐकू नाही आली?"

"आली होती मॅडम. पण म्हटलं, तुम्हाला राग येईल."

"येईलच! म्हणून काय मरशील? सांगायला तोंड नाही तुला?"

"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम," तो गोड आवाजात म्हणाला. त्याचा तर वन्संना आणखीच संताप आला.