एका मडक्यातलं रेडियम

साहेबांनी माझ्या अंगणात मशीन टेकवली आणि ती कडकड वाजायला लागली. फोडणीत मोहरी तडतडते तशी. साहेब दोन पावलं मागे सरले. बरोबरच्या माणसांना म्हणाले, "मडकी सगळी ट्रकमध्ये टाका. अंगण दोन फूट खणा."

मी मडक्यांसमोर जाऊन मांडी घालून बसलो.

आमचा धंदा झारेकऱ्याचा. सोनार दागिना घासतो तेव्हा बारीक चुरा खाली पडतो आणि केरात जातो. तो केर आणायचा, धुवायचा, त्यातलं सोनं काढायचं. अर्धं सोनाराचं, अर्धं आमचं. इतवारीतल्या अकरा दुकानांचा केर माझ्याकडे यायचा, मडक्यांत साठायचा. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण चिमूटभर माती बोटात घोळवून तिच्यात सोनं आहे की नाही ते सांगायचो. त्या अकरा मडक्यांवर माझं घर वर्षभर जेवणार होतं.

भानगड झाली ती एका दुकानाच्या ओट्यामुळे. तिथं एक घड्याळवाला बसायचा. अंधारात चमकणारे काटे रंगवून द्यायचा. त्या रंगात रेडियम. त्याची बाटली फुटली आणि सांडलेला रंग दुकानाच्या केरात गेला. कॉलेजच्या प्रोफेसरांनी रेडियमची किरणं मोजायची मशीन लावून पाहिली आणि मुंबईला कळवलं. तिकडून कर्णिक साहेब आले. त्यांनी विचारलं, इथला केर कुठं जातो? सोनारानं माझं घर दाखवलं.

"उठा काका," साहेब म्हणाले. "हे दिसत नाही, पण अंगात गेलं तर हाडात बसतं."

"अकराच्या अकरा मडक्यात आहे काय?"

"मिसळलं असणार ना सगळं."

मला रागच आला. "मिसळलं? साहेब, झारेकरी एका दुकानाची माती दुसऱ्या दुकानात मिसळत नाही. उद्या सोनार म्हणन, माझं सोनं कमी काहून निघालं, तर त्याले काय तोंड दाखवू? एकेका मडक्याले मशीन लावा."

बायको दारातून म्हणाली, "उठा ना आता. साहेब लोक उभे हायेत."

"तू चूप राय वं. मी बसलो तो बसलो."

साहेब हसले नाहीत, पण मशीन घेऊन वाकले. ती तशीही अधूनमधून टिक करतेच. दहा मडक्यांपाशी तेवढीच टिकटिक. घड्याळवाल्या दुकानाच्या मडक्यापाशी मात्र काटा पार टोकाला गेला.

"एकच," साहेब म्हणाले.

"मंग?" मी म्हटलं आणि तेव्हा उठलो.

अंगण राहिलं होतं. जिथं मी धुवायला बसायचो तिथं आणि पाण्याच्या नालीत मशीन वाजत होती. त्यांच्या माणसानं फावडं उचललं. मी त्याचा हात धरला. "फावडं मारलं का वरचं खाली जाते गा! मंग खण विहिरीएवढं."

सोनं वरच्या सालीत राहतं, हे आम्हाला बापानं शिकवलेलं. रेडियमही तिथंच असणार, असं माझं म्हणणं. धूळ उडू नये म्हणून ओलं पोतं अंथरलं. साहेबांनी मला हातमोजे दिले, तोंडाला कापड बांधलं. मग पोतं थोडं थोडं सरकवत, बाहेरून आत, खुरप्यानं बोटभर साल काढली. सगळी माती ड्रममध्ये. मशीन लावली. आवाज कमी झाला. दुसरी साल काढली. तिसऱ्या सालीनंतर नुसती टिकटिक. ट्रकभर माती जाणार होती, ती तीन ड्रममध्ये मावली.

ते मडकंही ड्रममध्ये ठेवून साहेब झाकण लावायला निघाले. मी म्हटलं, "मडक्यातलं सोनं काढायचं हाय अजून."

"काका, हट्ट पुरे!"

"अर्धं सोनाराचं आहे. मी त्याले काय सांगू, ड्रमात घालून पुरलं म्हणून?"

दोन दिवस मी कॉलेजच्या दाराशी जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी लॅब उघडून दिली, पण अटी घातल्या. आम्ही केर पहिले जाळतो, ते बंद. धुतलेलं पाणी नालीत सोडतो, ते बंद. थेंब न् थेंब ड्रममध्ये. मी कबूल झालो. घरून नेलेल्या काथवटीत माती धुतली, पारा फिरवला. पारा सोन्याला धरतो. मग शोऱ्याचं तेजाब घातलं, साहेब त्याला नायट्रिक अ‍ॅसिड म्हणतात. त्यात पारा विरघळतो, चिकटलेला रंगही सुटतो, सोनं तेवढं तळाशी राहतं. धुऊन गोळा केलं तर ज्वारीच्या दाण्याएवढं भरलं. साहेबांनी मशीन लावली. टिक. टिक. बस.

"मान गये, काका," साहेब हिंदीत म्हणाले.

माझी छाती फुगली. तेवढ्यात त्यांनी मशीन माझ्या काथवटीला लावली. धुवायची लाकडी काथवट ती, बापाच्या हातची. कडकडकड! मी म्हटलं, घासून काढतो. राखेनं घासली, तेजाब लावलं, लाकूडही तासलं. मशीन बोलायची थांबेना. लाकूड पाणी पितं, पाण्याबरोबर तेही पिऊन बसलेलं.

"आता काय म्हणता?" साहेबांनी विचारलं.

माझ्या हातानं काथवट ड्रममध्ये ठेवली.

सोनाराला त्याचा अर्धा दाणा पोचवला. दहा मडकी पुढं नेहमीसारखी धुतली, लोखंडी घमेल्यात. साहेबाशी भांडायचं असलं तर जरूर भांडावं, पण पहिले मापून घ्यावं. आणि माप आपल्या विरुद्ध गेलं तरी मानावं.